डांबरातून ताटात: टार्ट्राझिनचा प्रवास

1884 साली योहान हाइनरिश त्सीगलर या स्विस रसायनज्ञाने टार्ट्राझिन हा लिंबासारखा पिवळा रंग तयार केला, तो लोकर आणि रेशीम रंगवण्यासाठी. त्याआधी 28 वर्षे विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग हाती लागला होता, आणि तेव्हापासून डांबरातल्या द्रव्यांपासून रंग बनवण्याचा उद्योग युरोपात झपाट्याने फोफावला होता. कापडाचे हे रंग लवकरच खाद्यपदार्थांतही शिरले. आज ही गोष्ट भयंकर वाटते. परंतु फ्रेडरिक ॲकम याने 1820 साली लंडनमधील भेसळीवर लिहिलेल्या ग्रंथात मिठाईला शेंदराने लाल आणि तांब्याच्या क्षारांनी हिरवा रंग दिला जात असल्याचे नोंदवले होते. शिसे आणि तांबे यांच्यापुढे डांबरी रंग चिमूटभर पुरणारे, स्वस्त आणि त्या मानाने सौम्य होते, हे मान्य करावे लागते.

त्या रंगांपैकी खाण्याजोगे कोणते, हा प्रश्न सरकारी पातळीवर प्रथम पद्धतशीरपणे अमेरिकेत हाताळला गेला. 1906 च्या शुद्ध अन्न व औषध कायद्यानंतर बर्नहार्ड हेस या रसायनज्ञाने बाजारातील सुमारे 80 रंगांची छाननी केली आणि 1907 साली त्यांपैकी अवघ्या सात रंगांना मान्यता मिळाली. टार्ट्राझिन त्या सातांत नव्हता. तो 1916 साली यादीत आला. यादीत नाव आले म्हणजे निर्धोकपणाचा कायमचा दाखला मिळाला, असे मात्र नव्हते. मूळ सातांपैकी ‘ऑरेंज वन’ हा नारिंगी रंग भरमसाट वापरलेली मिठाई खाऊन 1950 साली अमेरिकेत मुले आजारी पडली आणि काही वर्षांतच तो यादीतून वगळला गेला.

टार्ट्राझिन टिकला, याचे एक कारण त्याच्या रेणूच्या घडणीत आहे. तो ‘ॲझो’ वर्गातला, म्हणजे नायट्रोजनच्या दोन अणूंच्या दुव्याने जोडलेला रंग आहे. आतड्यातील जिवाणू हा दुवा तोडतात. परंतु दुव्याच्या दोन्ही बाजूंना सल्फोनिक आम्लाचे गट असल्यामुळे तुटलेले तुकडेही पाण्यात विरघळणारे राहतात आणि जे रक्तात शोषले जातात ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. याउलट पूर्वी लोण्याला पिवळेपणा आणणारा ‘बटर यलो’ हा रंग चरबीत विरघळणारा होता आणि 1930 च्या दशकात जपानी संशोधकांना त्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे आढळले. दोन्ही रंग पिवळे आणि दोन्ही ॲझो. एवढ्यावरून त्यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

टार्ट्राझिनविषयीची खरी तक्रार वेगळी आहे. काही थोड्या व्यक्तींना, विशेषतः ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांना, त्याने अंगावर पित्त उठते किंवा दम्याचा त्रास होतो, असे दिसून आल्यामुळे अमेरिकेत 1981 पासून वेष्टनावर त्याचे नाव स्वतंत्रपणे छापणे सक्तीचे झाले. 2007 साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणानंतर मुलांची चंचलता किंचित वाढलेली आढळली. दोष नेमका कोणत्या घटकाचा, हे त्यातून वेगळे काढता आले नाही, तरी युरोपीय संघाने 2010 पासून इशारा छापणे बंधनकारक केले. एका दिवसाची सुरक्षित मर्यादा युरोपीय तज्ज्ञांनी दर किलो वजनामागे 7.5 मिलिग्रॅम धरली आहे. भारतात मिठाईत किलोमागे 100 मिलिग्रॅमपर्यंतच कृत्रिम रंग चालतो. म्हणजे वीस किलोच्या मुलाला ती मर्यादा गाठायला कायदा पाळून रंगवलेली दीड किलो मिठाई एका दिवसात खावी लागेल. अर्थात, ज्याला रंगच सोसत नाही त्याला या हिशेबाचा उपयोग नाही.

शाकाहाराच्या दृष्टीने पाहता डांबर किंवा खनिज तेलापासून बनणाऱ्या या रंगात प्राणिज काहीच नसते. उलट ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवणारा कार्माइन हा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांच्या वाळवलेल्या माद्यांपासून काढला जातो.

भारतात 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याने मान्य रंगांची यादी आणली आणि आज तीत टार्ट्राझिनसह आठ कृत्रिम रंग आहेत. तरीही भारतीय ग्राहकाला धोका मुख्यतः यादीबाहेरचाच राहिला. जिलेबी, लाडू, डाळी आणि हळद यांत वारंवार सापडणारा ‘मेटॅनिल यलो’ हा कापड आणि कातड्याचा रंग आहे. त्याच्या रेणूच्या एकाच बाजूला सल्फोनिक गट असल्यामुळे दुवा तुटताच दुसरा तुकडा त्या संरक्षणावाचून मोकळा होतो. हळदपुडीवर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले तर शुद्ध हळदही गुलाबी होते. पाणी घातल्यावर तो गुलाबीपणा गेला तर हळद खरी, आणि टिकला तर मेटॅनिल यलोची भेसळ समजावी, ही प्रयोगशाळेतली जुनी परीक्षा त्याचसाठी आहे. टार्ट्राझिनवर वाद घालण्यात जेवढी शाई खर्च झाली तेवढी या रंगाच्या वाट्याला आली नाही, हे या इतिहासातले मोठे वैगुण्य होय. हळदीत तर मान्यताप्राप्त टार्ट्राझिन घालायलाही कायद्याची परवानगी नाही.