नांदेड-लातूरकडचे लिहिणे आणि शुद्धलेखन

रोजच्या मराठी लिहिण्यात ज्यांना चुका म्हटले जाते, त्यांत तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: वेलांटी-उकार ऱ्हस्व की दीर्घ, ‘ण’च्या जागी ‘न’, आणि क्रियापदाचे बोलीतले रूप. नांदेड आणि लातूर भागात या तिन्हींमागचा इतिहास वेगवेगळा आहे. शाळेच्या वहीत मात्र त्या सगळ्यांवर एकाच लाल शाईची रेघ पडत आली.

ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह इकडे उशिरा आला. कुलकर्णी, देशमुख, सावकार यांचा लिहिण्याचा व्यवहार शतकानुशतके मोडीत चालला. मोडीत आधी शिरोरेषा ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे एका ओघात लिहीत जायची, शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही. वेलांटी व्यवहारात एकच आणि उकारही एकच, त्यामुळे पहिली की दुसरी हा प्रश्नच उद्भवत नसे. याचा अर्थ लिहिण्याला शिस्त नव्हती असा नव्हे. थोरांना शिरसाष्टांग नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मायना कोणाला कोणता, हे काटेकोर पाळले जाई आणि त्यात चूक झाली तर माणूस खरोखर दुखावे. रक्कम आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत लिहायची ती खाडाखोडीला वाव राहू नये म्हणून. चूक कुठे महाग पडते याचे भान त्या लिहिणाऱ्यांना पक्के होते.

व्याकरणाचे प्रेमही या भूमीला परके नव्हते. काशीत गाजलेले शेष हे वैयाकरण घराणे मूळ नांदेडचे मानले जाते. त्यातल्या शेषकृष्णांचे शिष्य भट्टोजी दीक्षित यांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ रचली. पण ही विद्या संस्कृतची होती. बाजारातल्या चिठ्ठीला तिचा स्पर्श नव्हता.

छापील मराठीची घडी मुंबई इलाख्यात बसली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शाळेची पुस्तके तयार झाली आणि पुण्याकडची भाषा प्रमाण ठरत गेली. निजामाच्या राज्यात चित्र वेगळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या दरबारात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९१८ साली हैदराबादेत उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. घरी मराठी आणि वरच्या वर्गांत उर्दू, अशा रीतीने पिढ्या शिकल्या. १९२१ साली निघालेल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्था थोड्याच होत्या. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातल्या साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते.

त्यामुळे गावात लिहिता येणारा एखादाच असे. तो इतरांची पत्रे लिही आणि आलेली वाचूनही दाखवी. मोठ्याने वाचलेल्या पत्रात वेलांटी पहिली होती की दुसरी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मराठीत इ-उ यांचे ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक वेळा शब्दातल्या जागेवरून ठरते. नुसत्या त्या फरकाने अर्थ बदलावा असे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ यांसारखे जोड मोजके आहेत, आणि तेही वाक्यात सहज ओळखू येतात. म्हणून खुशालीच्या पत्रात अशा चुकीने फारसे काही बिघडत नाही. हा ढिसाळपणाचा कैवार नाही, भाषेचे स्वरूपच तसे आहे.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, पुढे १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, ही लिहिणाऱ्यांची मोठी सुटका होती. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहायचा असे ठरले, म्हणून अहमदपूर आणि अर्धापूर. वृत्त सांभाळताना कवीला ऱ्हस्व-दीर्घाची सवलत मिळाली. घरी पत्र लिहिणाऱ्याचा विचार मात्र नियमांत कुठे नाही. मराठी शाळा नुकत्या कुठे रुजत होत्या त्या भागाला हे नियम तयार स्थितीत मिळाले, आणि गुण त्यांवरच कापले जाऊ लागले.

खरा अन्याय झाला तो बोलीवर. ‘मी जायलो’, ‘तू काय करायलास’, ‘ती यायली’ ही इकडची चालू काळाची रूपे आहेत. पुरुष, लिंग आणि वचन यांप्रमाणे ती नेमकी बदलतात, म्हणजे त्यांना व्याकरण आहे. परीक्षेच्या निबंधात ‘जात आहे’ हवे हे रास्तच, पण ‘जायलो’ला अशुद्ध म्हणणे चूक आहे. साहित्याने हे लवकर ओळखले. उदगीर भागातून आलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकांत या भागाची बोली संकोच न करता येते. आता फोनवरच्या घरगुती गटांतही ‘करायलाव का’ मोकळेपणाने लिहिले जाते, पुष्कळदा रोमन लिपीत, जिथे ‘न’ आणि ‘ण’ एकाच अक्षराने भागतात.

‘ण’ची गोष्ट निराळी आहे. ‘पानी’, ‘कोन’ असे उच्चार इथे सर्रास आहेत, आणि निजामाच्या दप्तरानेही तीच वाट धरली होती, कारण उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना अक्षरेच नाहीत. मराठी नावे त्या कागदांत ‘न’ आणि ‘ल’ होऊन उतरली, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच गेले नाहीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरे वाचायला उर्दू आणि मोडी जाणणारे लागले. एका अक्षराच्या वाचनावर कुटुंबाचा जातीचा दाखला अवलंबून असू शकतो, असा तो प्रसंग होता. आजही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर नाव दोन तऱ्हांनी पडले की प्रतिज्ञापत्र करावे लागते, आणि नाव रीतसर बदलून घ्यायचे तर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते.