धक्क्यावरील जहाज व किनाऱ्यावरील वीज

धक्क्यास लागलेले जहाज विसावा घेत असते, ही समजूत किनाऱ्यावरून पाहणाऱ्याची आहे. प्रवासाचे मुख्य यंत्र थांबते हे खरे. परंतु दिवे, पंप, वायुवीजन, स्वयंपाकघर, मालाच्या शीतपेट्या या सर्वांना वीज अखंड लागते, आणि ती पुरविणारी साहाय्यक जनित्रे बंदरातही तेल जाळीत राहतात. ही जनित्रे बंद करून धक्क्यावरून तारेने वीज देण्याच्या पद्धतीस इंग्रजीत ‘कोल्ड आयर्निंग’ असे नाव आहे. तिचा इतिहास सामान्यतः तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. घटनांचा क्रम लक्षपूर्वक पाहिला असता मात्र चित्र निराळे दिसते. विद्या फार पूर्वीच हाती आलेली होती. उणीव होती ती मागणी करणाऱ्याची.

प्रथम नावाचा विचार करणे उचित होईल. मराठी कानाला हे नाव कपड्यांवर थंड इस्त्री फिरविण्याचे वाटावे. पण इस्त्रीशी त्याचा काही संबंध नाही. येथील ‘आयर्न’ म्हणजे जहाजाच्या यंत्राचे व बाष्पपात्राचे लोखंड. कोळशाच्या काळी जहाज बंदरात दीर्घकाळ राहावयाचे असले म्हणजे भट्टीत कोळसा घालणे थांबवीत. आग विझे आणि लोखंड हळूहळू थंड पडे. अमेरिकी आरमारात अशा निवलेल्या यंत्रांवर ठेवलेल्या पहाऱ्यालाही ‘थंड लोखंडा’चा पहारा म्हणतात. आज ज्या जहाजांविषयी हा शब्द योजला जातो त्यांत कोळसा नाही, बहुतेकांत वाफेचे मुख्य यंत्रही नाही. शिवाय वीज तारेने घेतली तरी इंधन व पाणी तापविणारे लहान बाष्पपात्र बहुधा पेटलेलेच असते. लोखंड पुरते थंड होत नाही. शब्द मात्र टिकून राहिला आहे.

आरमारांनी ही पद्धती आधी स्वीकारावी हे स्वाभाविकच होते. युद्धनौका एकाच ठाण्यावर महिनोन्‌महिने उभी असते, आणि मुख्य म्हणजे जहाज व धक्का यांचा धनी एकच असतो. व्यापारी जहाजाची गोष्ट वेगळी. ते आज या बंदरात, परवा दुसऱ्या; धक्क्यावर यंत्रसामग्री उभारण्याचा खर्च बंदराने करावयाचा, जहाजात फेरफार करण्याचा मालकाने, आणि धूर कमी झाल्याचा लाभ मिळावयाचा तो या दोघांपैकी कोणासच नव्हे, तर बंदरामागे राहणाऱ्या वस्तीस. ज्याचा लाभ त्याचा व्यवहारात शब्द नाही, अशी ही रचना होती.

जहाज व नगर यांना तारेने जोडता येते हे १९२९ सालीच सिद्ध झाले होते, पण उलट्या दिशेने. त्या वर्षी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात अवर्षण पडून टॅकोमा नगराच्या जलविद्युत् केंद्रांचे जलाशय आटले. तेव्हा ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू युद्धनौका तेथील धक्क्यास लावण्यात आली. तिची मळसूत्रे विजेवर चालत असल्यामुळे प्रचंड जनित्रे जहाजावरच होती. डिसेंबर १९२९ च्या मध्यापासून जानेवारी १९३० च्या मध्यापर्यंत, सुमारे महिनाभर, तिने नगरास ४२ लाखांहून अधिक युनिट वीज पुरविली. नगराला निकड होती, म्हणून जहाजाची वीज किनाऱ्यावर आली. किनाऱ्याची वीज व्यापारी जहाजावर मोठ्या प्रमाणात चढण्यास पुढे सात दशके लागली.

दरम्यान जहाजांची भूक वाढली. १९५६ च्या एप्रिलमध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि पेट्यांच्या वाहतुकीचे युग सुरू झाले. पुढे पेट्यांतून फळे, मांस, मासळी जाऊ लागली. त्या शीतपेट्यांना धक्क्यावर असतानाही वीज तोडून चालत नाही. प्रवासी विहारनौका तर तरते नगरच. तिची गरज दहा हजार किलोवॉटच्या आसपास जाऊ शकते. एवढी वीज ४०० व्होल्टच्या कमी दाबाने द्यावयाची तर जाड तारांचे जुडगे हाताळावे लागते. १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये काही प्रवासी नौकांना अशी वीज मिळू लागली. ती शक्य झाली, कारण त्या नौका ठराविक धक्क्यावर नित्य येत. इ. स. २००० मध्ये गोथेनबर्ग येथे उच्च दाबाची जोडणी झाली. एकच तार, आणि काही मिनिटांत काम. ही सोय मुख्यतः एका कागद-उद्योगाचा माल नेणाऱ्या जहाजांसाठी होती. पाठोपाठ २००१ साली अलास्कातील जूनो येथे विहारनौकांना वीज मिळाली. डोंगरांनी वेढलेल्या त्या लहान गावात धूर कोंडे, आणि उन्हाळ्यात, म्हणजे नौका येण्याच्याच काळात, जलविद्युत् शिल्लक पडे. दोन्ही ठिकाणी गरज व सोय यांची गाठ आपोआप पडली.

लॉस एंजेलिसमध्ये ती आपोआप पडली नाही. सॅन पेद्रो हे मूळचे स्वतंत्र गाव १९०९ साली त्या महानगरात विलीन झाले, आणि बंदर वाढत वाढत त्याच्या घरांच्या दारात आले. २००० साली त्या प्रदेशातील हवेचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. हवेतील विषारी द्रव्यांमुळे कर्करोगाचा जो धोका संभवतो, त्यापैकी सुमारे ७० टक्के वाटा डिझेलच्या सूक्ष्म काजळीचा आहे, असे त्यात दिसून आले. नेमक्या त्याच सुमारास ‘चायना शिपिंग’ या कंपनीसाठी एक विस्तीर्ण नवा धक्का बांधला जात होता. पूर्वीचे सर्वसाधारण अहवाल पुरेसे आहेत असे मानून त्याच्या परिणामांचा स्वतंत्र अहवाल करण्यात आला नव्हता. २००१ मध्ये सॅन पेद्रोच्या घरमालकांच्या संघटना व पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने काम थांबविले, आणि २००३ मध्ये तडजोड झाली. प्रदूषण-निवारणासाठी ५ कोटी डॉलर आणि त्या धक्क्यावरील बहुसंख्य जहाजांना किनाऱ्याची वीज, या तिच्या प्रमुख अटी. नव्या याऱ्या बुटक्या असाव्यात, म्हणजे घरांतून समुद्र दिसेल, अशीही एक अट होती. ती क्षुल्लक वाटली तरी दावा कोणी केला होता हे तीच उत्तम सांगते.

जून २००४ मध्ये ‘शिन यांग झोऊ’ हे पेटीवाहू जहाज त्या धक्क्यावर तारेने जोडले गेले. जहाजाचा दाब कमी व धक्क्याचा अधिक, म्हणून मध्ये विद्युत्-रोहित्र बसविलेला एक तराफा ठेवावा लागला. येथे एक अनुकूलता होती तिचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आणि बहुतेक मोठी जहाजेही ६० आवर्तनांची. युरोपात व भारतात वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे तेथे धक्क्यावर आवर्तन-परिवर्तक बसवावा लागतो व खर्च बराच वाढतो. जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले ते २०१२ साली, म्हणजे या दाव्यानंतर अकरा वर्षांनी.

त्यानंतर खटल्याची जागा कायद्याने घेतली. कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये केलेल्या नियमान्वये २०१४ पासून प्रत्येक ताफ्याच्या निम्म्या फेऱ्यांत बंदरातील जनित्रे बंद ठेवणे आवश्यक झाले. हे प्रमाण २०१७ मध्ये ७० व २०२० मध्ये ८० टक्के झाले. युरोपीय संघाने २०२३ साली पेटीवाहू व प्रवासी जहाजांसाठी २०३० ही मुदत ठरविली. भारत सरकारच्या त्याच वर्षीच्या ‘हरित सागर’ मार्गदर्शिकेतही किनाऱ्याच्या विजेस स्थान मिळाले.

सॅन पेद्रोचे प्रकरण मात्र मिटले नाही. तडजोडीतून आलेल्या कित्येक अटी, किनाऱ्याच्या विजेची अटही त्यांत, पुरत्या पाळल्या गेल्या नसल्याचे बंदराने २०१५ साली उघड केले. जोडणी उभी होती, जहाजेही येत होती. तार मात्र प्रत्येक वेळी जोडली जात नव्हती. पुढे बंदराने मूळ अटींपैकी काही बदलणारा नवा अहवाल तयार केला. २०२० मध्ये त्यावर पुन्हा दावा झाला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने बंदराकडून पर्यावरणविषयक कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला.