बनावट टपालतिकिटे
खऱ्या टपालतिकिटाची फसवणुकीच्या हेतूने केलेली नक्कल, किंवा मोल वाढवण्यासाठी खऱ्याच तिकिटात केलेला फेरफार. फसवायचे कोणाला, टपालखात्याला की संग्राहकाला, यावरून तिचे मुख्य प्रकार पडतात.

टपालखात्याचा महसूल बुडवण्यासाठी केलेली नक्कल चालू तिकिटाची असते. लंडनच्या शेअर बाजारातील टपाल कचेरीत १८७२-७३ मध्ये तारेच्या अर्जांवर एका शिलिंगची बनावट हिरवी तिकिटे चिकटवून गिऱ्हाइकांचे पैसे लाटले गेले. हा प्रकार १८९८ मध्ये, जुने अर्ज संग्राहकांच्या हाती आल्यावर उजेडात आला. नकलेत जलचिन्ह नव्हते. शिवाय खऱ्या तिकिटाच्या कोपऱ्यांतील अक्षरे छपाईच्या तावावरील त्याची जागा दाखवत. काही नकलांवर मात्र त्या तावात असूच शकत नाहीत अशा अक्षरजोड्या होत्या. टपालखात्याला फसवणारी ही तिकिटे आज संग्राहक मुद्दाम जमवतात.

संग्राहकांसाठीच्या नकला दुर्मीळ तिकिटांच्या असतात. जिनिव्हाचा फ्रांस्वा फूर्निए (१८४६–१९१७) त्या ‘प्रतिकृती’ म्हणून उघडपणे विकत असे. त्याच्या मृत्यूनंतर तेथील संग्राहक संघाने उरलेला साठा विकत घेतला, काही नमुन्यांचे अभ्यासासाठी संग्रह बांधले आणि बाकीचा माल नष्ट केला.

सर्वांत कुशल मानला जातो तो इटलीत जन्मलेला आणि फ्रान्समध्ये स्थायिक झालेला जाँ द स्पेराती (१८८४–१९५७). महागड्या तिकिटाच्याच काळातील एखाद्या स्वस्त, खऱ्या तिकिटावरील चित्र रसायनांनी पुसून त्या कागदावर तो महागड्या तिकिटाचे चित्र छापी. त्यामुळे कागद, छिद्रण आणि कित्येकदा टपालशिक्काही अस्सल राही. १९४२ मध्ये लिस्बनला जाणारे त्याचे पाकीट फ्रेंच जकात अधिकाऱ्यांनी पकडले; तज्ज्ञांनी आतील तिकिटे खरी ठरवली. दुर्मीळ माल परवान्याविना देशाबाहेर पाठवल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी ती आपणच बनवल्याचे त्याला सिद्ध करावे लागले. पुढे ब्रिटनमधील संग्राहकांच्या संघटनेने त्याचा साठा खरेदी केला.

दुसऱ्या महायुद्धात प्रचारासाठीही नकला झाल्या. अमेरिकी हेरखात्याने काढलेल्या जर्मन तिकिटाच्या विडंबनात हिटलरच्या चेहऱ्याची कवटी केली होती.

फेरफाराच्या प्रकारात पुन्हा डिंक लावणे, कडेला नवी छिद्रे पाडणे, शिक्का पुसणे आणि खोटी जादा छपाई करणे ही कामे येतात. भारतातील ठळक उदाहरण १९४८ च्या गांधी तिकिटांचे आहे. गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ अशी जादा छपाई केलेले अवघे १०० संच होते. साध्या गांधी तिकिटांवर हा शब्द छापून ती दुर्मीळ म्हणून खपवण्याचे प्रयत्न झाले आहेत. १८५२ च्या ‘सिंध डाक’ तिकिटांच्याही नकला आढळतात.

पारखताना भिंग, जलचिन्ह, छिद्रमापक पट्टी, अतिनील दिवा आणि मुद्रणपद्धती यांचा आधार घेतात. कोरीव ठशाच्या छपाईत शाईची रेघ उठावदार लागते, शिळामुद्रणात ती सपाट असते. स्पेरातीच्या नकलेत कागद आणि छिद्रण निर्दोष असल्याने तपासणी मुख्यतः छपाईवरच येऊन ठेपते. म्हणून महागडे तिकीट घेताना केवळ विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता मान्यताप्राप्त तज्ज्ञ समितीचे छायाचित्रासह प्रमाणपत्र मागावे.