नोंदवही आधी, पाना नंतर

जुन्या मोटारींचा विषय निघाला की बोलणे लिलावांकडे वळते. 2022 मध्ये मर्सिडीजची 300 एसएलआर उलेनहाउट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, ही बातमी तेव्हा सगळ्यांनीच वाचली. आकडा खरा आहे. पण सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जुनी गाडी उभी करू पाहणाऱ्या कुटुंबाला त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे या अभ्यासाची सुरुवात कुर्ल्यापासून करावी. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या आणि मग फियाट रस्त्यावर आल्या: पन्नासच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’, 1964 ची डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. ज्या गाड्यांतून दोन पिढ्या लग्नाला, गणपतीला, इस्पितळात गेल्या, त्या आता इतिहासाचे साधन झाल्या आहेत. या पुस्तकाचा विषय तोच आहे.

नव्या वाचकाला माझे सांगणे एकच: गाडी दुरुस्त करण्याआधी ती अभ्यासा. जुनी मोटार हा एक दस्तऐवज आहे आणि त्यावर घाईने हात चालवला तर मजकूर कायमचा पुसला जातो. फियाट 1100 चेच उदाहरण घ्या. तिला वेगळी चासी नाही; तळ, खांब आणि छत मिळूनच सांगाडा होतो. त्यामुळे दाराखालच्या पट्टीचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या ताकदीचा प्रश्न असतो. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक त्या पट्टीवरून हळूहळू फिरवा. एखाद्या जागी ओढ एकदम सुटते. तिथे पत्रा संपून पुट्टी सुरू झालेली असते. मग डॅशबोर्डखाली, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, ओल्या वॉटर पेपरने नाण्याएवढा भाग घासा. रंगांची वर्तुळे एकात एक उघडी पडत जातात: वरचा झगझगीत पांढरा, त्याखाली कोणा मधल्या मालकाचा निळा, आणि सर्वांत आत, प्राइमरच्या लगत, बहुधा कारखान्याचा मूळ रंग. एवढे पाहून झाल्यावर डेंटिंगवाल्याकडे जावे. आधी गेलात तर तो संपूर्ण गाडी खरवडून देईल, आणि गाडीबद्दल विचारायचे प्रश्नच उरणार नाहीत.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संस्थांचा महासंघ असलेल्या ‘फिव्हा’ने तुरिन सनदेत हाच विचार मांडला आहे: शक्य तितके मूळ जपा आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. आपला कायदाही याच दिशेने जातो. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते. गाडीतून दर रविवारी फिरायचे असेल, तर हा निर्णय घाईने घेऊ नका.

हा छंद कुटुंबाचा का, तर या अभ्यासाला निरनिराळ्या वयांची माणसे लागतात. थंडीत चोक किती ओढायचा, स्टिअरिंगजवळचा गिअर दुसऱ्यात टाकताना कुठे अडतो, सीटचे मूळ रेक्झिन कोणत्या रंगाचे होते, हे आजी-आजोबांना आठवते. ते आजच लिहून घ्या. कार्ब्युरेटरचे सुटे भाग क्रमाने मांडून त्यांचे फोटो काढणे, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावणे, ही कामे दहा वर्षांचे मूल मोठ्यांपेक्षा चोख करते. फीलर गेज घालून डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटची फट नेमकी जुळवली आणि अडखळणारे इंजिन एकसारखे चालू लागले, की बारावीच्या पुस्तकातला विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. दोन बाबतींत मात्र सक्ती हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. आणि जुन्या ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘गुंतवणूक’ म्हणून या गाड्या विकणारे वाढले आहेत. साध्या फियाटवर पत्राकाम, रंग, क्रोम, रबर यांचा खर्च बहुधा तिच्या विक्रीच्या किमतीपुढे जातो. घरच्यांचे श्रम धरले तर हिशेब कधीच जुळत नाही, आणि जुळवण्याची धडपडही करू नये. तरीही किंमत टिकते ती कशाने, हे कळायला हवे. आरसी बुकावरचा इंजिन क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळणे, पहिल्या मालकापासूनचे कागद, कोणता भाग कधी आणि का बदलला याची वही: जाणता ग्राहक पैसे मोजतो ते यासाठी. चकचकीत रंग कोणीही देऊ शकतो. संशोधकाला हवे असलेले कागद आणि खरेदीदाराला हवे असलेले कागद एकच असतात, ही या क्षेत्राची मोठी सोय आहे.

सुरुवातीला कोणती गाडी घ्यावी, असे मला नेहमी विचारले जाते. मी पद्मिनी सुचवतो. 1089 सीसीचे तिचे इंजिन उघडायला सोपे आहे. कुर्ल्यात, चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात तिचे भाग अजून हाती लागतात. तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही आहेत, पण त्यांची वये झाली आहेत आणि त्यांचे ज्ञान कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. गाडी धडधाकट पत्र्याची पाहून घ्या. इंजिन नंतर उभे करता येते. घरी आणल्यावर आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतील असे रबरी नळ आधी बसवा, काढलेले जुने नळ फेकू नका, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांची लांबी आणि त्यांवरची अक्षरे उतरवून ठेवा.