अल्कधर्मी द्रावणातील चांदीचा पृष्ठभाग : आयनांचे परिणाम

कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅशच्या निव्वळ द्रावणात चांदीला फारसे काही होत नाही. वितळलेल्या कॉस्टिक सोड्यासाठी प्रयोगशाळेत चांदीच्या मुशी वापरतात त्या यामुळेच. काच आणि प्लॅटिनम तेथे टिकत नाहीत. त्याच द्रावणात क्लोराइड, सल्फाइड किंवा सायनाइड मिसळले, की चित्र पालटते. पृष्ठभागावर कोणता थर बसणार आणि तो टिकणार की विरघळणार, हे बहुधा हा दुसरा आयनच ठरवतो.

लिटरमागे १ मोल हायड्रॉक्साइड असलेल्या द्रावणात चांदी व सिल्व्हर ऑक्साइड यांच्या जोडीचा विभव, हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत, +०.३४ व्होल्ट असतो, ऑक्सिजनचा +०.४० व्होल्ट. फरक अवघा ०.०६ व्होल्टचा. म्हणजे हवेतला ऑक्सिजन चांदीचे ऑक्सिडीकरण करू शकतो, पण जेमतेम. बाहेरून विद्युत् दाब देऊन विभव वाढवला तर आधी तपकिरी-काळे ऑक्साइड बसते आणि सुमारे +०.६१ व्होल्टनंतर त्याचे अधिक ऑक्सिजन असलेल्या काळ्या ऑक्साइडात रूपांतर होऊ लागते.

क्लोराइडचा चांदीशी जुना स्नेह. तरीही अल्कधर्मी द्रावणात त्याला हायड्रॉक्साइडशी स्पर्धा करावी लागते. दोघांच्या विद्राव्यता गुणाकारांवरून हिशेब केला तर क्लोराइडचे प्रमाण हायड्रॉक्साइडच्या सुमारे शंभराव्या हिश्श्यापर्यंत पोहोचले, की ऑक्साइडऐवजी सिल्व्हर क्लोराइड स्थिर ठरते. कॉस्टिक सोड्यात एवढे मीठ अशुद्धी म्हणूनही सापडू शकते. म्हणून अशा प्रयोगांत रसायनांच्या शुद्धतेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ब्रोमाइड व आयोडाइड याहून प्रबळ आहेत. संयुगाचा थर बसण्याआधीही हे आयन धातूला चिकटतात. या अधिशोषणात आयोडाइड सर्वांत पुढे, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड. फ्लुओराइड जवळजवळ तटस्थ. अडवलेल्या जागांवर ऑक्सिजनचे क्षपण मंदावते, आणि चांदी उत्प्रेरक म्हणून वापरायची असेल तेथे हे नुकसानीचे असते. हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे साचणाऱ्या कार्बोनेटची मात्र धास्ती नको : तीव्र अल्कात ऑक्साइडच अधिक स्थिर असते.

सायनाइडचा प्रकार वेगळा. ते थर बसवत नाही, चांदीला जटिल आयनाच्या रूपात द्रावणात ओढून नेते. त्यामुळे विभव −०.३१ व्होल्टपर्यंत उतरतो आणि एरवी जेमतेम पुरणारा हवेतला ऑक्सिजन चांदी सहज विरघळवू लागतो. १८८७ मधील मॅकआर्थर-फॉरेस्ट पद्धतीने खनिजातून सोन्याबरोबर चांदीही निघते ती याच तत्त्वावर. एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटपासून चांदीच्या मुलाम्यातही सायनाइड रुळले. मुक्त चांदी आयन अत्यल्प राहिल्याने थर भुसभुशीत न होता एकसंध बसतो. इथे अल्क सुरक्षेसाठीही हवे : पीएच सुमारे ९ च्या खाली गेला, की बहुतेक सायनाइड प्राणघातक हायड्रोजन सायनाइडच्या रूपात जाते.

हायड्रॉक्साइड स्वतःही पूर्ण निरुपद्रवी नाही. घड्याळाच्या १.५५ व्होल्टच्या बटण सेलमध्ये सिल्व्हर ऑक्साइड तीव्र पोटॅशात किंचित विरघळते. ती चांदी जस्ताच्या इलेक्ट्रोडकडे सरकून तेथे साचते आणि सेल आतूनच उतरतो. हेन्री आंद्रे यांनी १९४१ मध्ये दोन्ही इलेक्ट्रोडांच्या दरम्यान सेलोफेनचा पडदा घातला, तेव्हा कुठे चांदी-जस्त घट पुन्हा प्रभारित करून वापरण्याजोगे झाले.

अमोनियामुळे चांदी जटिल आयनाच्या रूपात द्रावणात राहते. ग्लुकोज मिसळून कोमट केल्यावर परीक्षानळीच्या आत आरसा उमटतो तो टॉलेन्स अभिकर्मकाचा. हे द्रावण साठवू नये. त्यात स्फोटक सिल्व्हर नायट्राइड तयार होते.

घरात दिसते ती सल्फाइडची करामत. सल्फाइड असलेल्या द्रावणात विभव −०.६९ व्होल्टपर्यंत घसरतो, म्हणून गंधकाचा अंश मिळताच चांदी काळवंडते. काळे पडलेले निरांजन ॲल्युमिनियमच्या फॉइलला टेकवून खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ठेवले तर हीच क्रिया उलटते : सोडा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढतो, ॲल्युमिनियम झिजते आणि सल्फाइडमधली चांदी पृष्ठभागावर परतते. चिमूटभर मीठ टाकतात ते विद्युत् वहन वाढावे म्हणून. पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पावडरने घासण्यापेक्षा ही रीत बरी, कारण घासताना काळ्या थरातली चांदी कायमची जाते. फक्त ऑक्सिडाइज्ड दागिने या पाण्यात बुडवू नयेत : अनेकदा त्यांचा काळेपणा अल्कधर्मी पॉलिसल्फाइडने मुद्दाम आणलेला असतो आणि तोही निघून जातो.