आत गेल्यावर नक्की काय करतात?

मागच्या महिन्यात एका वाडीवाल्या काकांनी मला बाजूला घेतलं. "तू पेपरवाला, तुला ठाऊक असेल. समुपदेशनाला जातात म्हणजे आत गेल्यावर नक्की काय करतात? पोलिसांसारखी उलटतपासणी घेतात काय?"

काकांची पोफळीची वाडी ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आडवी झाली. नवी रोपं लावली, ती वाढतायत. पण वारा सुटला की काका रात्री उठून पडवीत येऊन बसतात. डॉक्टरांनी समुपदेशकाकडे जा म्हणून चिठ्ठी दिलेली. ती खिशात घालून दोन महिने फिरत होते. (विचारूनच लिहितोय. नाव, आळी विचारू नका.)

त्यांची भीती मला कळते. कुणी जरा वेगळा वागला की 'याला ठाण्याला पाठवा' असं आपण सहज म्हणतो. ते उगाच आलेलं नाही. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. पुढे १९१२ चा कायदा आला, त्याचं नावच इंडियन ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा! मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जायचा. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा होईपर्यंत पुस्तकात तोच होता. म्हणजे आपल्या आजोबांनी मनाच्या आजाराचं जे दार पाहिलं, त्याला उंच भिंत होती आणि कोर्टाचा कागद होता. मग नातवाला 'जरा बोलून ये' म्हटलं तरी पोटात गोळा येणारच.

पण मराठी माणसाला मनातलं बोलायचंच नव्हतं, हे मला पटत नाही. कोकणातल्याच मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यात वाचक प्रश्न विचारायचे. बायकोला, नवऱ्याला, घरच्या वैद्याला विचारता येणार नाहीत असे. कर्वे न रागावता, न उपदेश करता उत्तर द्यायचे. या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र कुणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड झाला. तरी मासिक १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत सुरू राहिलं. आजच्या अर्थाने ते समुपदेशन नव्हे. पण ऐकणारा माणूस हसणार नाही आणि गावभर करणार नाही एवढी खात्री पटली, की लोक विचारतात. शंभर वर्षांपूर्वीही विचारत होते.

आणि ज्या ठाण्याच्या नावाने आपण एकमेकांना चिडवतो, त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था सुरू केली. तिथे भिंत नाही. चालत जायचं, बोलायचं, घरी यायचं.

काकांना मी जे सांगितलं ते असं. पहिल्या वेळी साधारण पाऊण तास ते तासभर. समोर खुर्ची, बाकी काही नाही. झोप, भूक, घरात कोण कोण, त्रास कधीपासून, आधी काही औषधं चालू आहेत का, हे विचारतील. नको त्या प्रश्नाला 'आज नको' म्हणता येतं. समुपदेशक गोळ्या देत नाही. त्या लागल्या तर मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची नोंद आरसीआयकडे असते, ती खुशाल विचारावी. 'असं कर, तसं कर' हा सल्ला बहुतेक मिळत नाही, आणि इथेच आपली माणसं वैतागतात. पैसे देऊन आलो आणि तो उलट मलाच विचारतो! पण काम त्यातच असतं. 'वाडी गेली' आणि 'वाडी गेली म्हणजे मी नालायक' या दोन वाक्यांमधलं अंतर आपल्याच तोंडून बाहेर काढायचं. कधी घरी करायला काही देतात, जसं की रात्री मनात काय आलं ते वहीत लिहिणं. एका भेटीत होत नाही. कधी दोन-तीन भेटींनंतर आधीपेक्षा जड वाटतं, तेही तिथे जाऊन सांगायचं. आणि समुपदेशक पटला नाही तर बदलता येतो, त्यात कुणाचा अपमान नाही.

बाहेर फुटेल का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयता हा हक्क आहे. अपवाद मोजके, जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करतो.

आपली अडचण वेगळी आहे. दिवेआगरातून एका तासासाठी अख्खा दिवस एसटीत जातो. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी टेलि-मानस, नंबर १४४१६, मोफत, मराठीतून बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोनवर समोरासमोरचं सगळं येत नाही, पण सुरुवात होते.

काका गेल्या गुरुवारी जाऊन आले. संध्याकाळी स्टँडवर भेटले. "काही सांगितलंन नाही रे, नुसतं विचारत होती. आणि मीच बोलत बसलो." काय बोललात, ते मी विचारलं नाही. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, सकाळच्या गाडीने जाणार म्हणाले.