पोवाड्याला कॉर्ड कुठली?

तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला ४ फेब्रुवारी १६७० ला. राजधानी तेव्हा राजगड, म्हणजे आपल्या वेल्ह्याकडचा. त्यावर तुळशीदासाने पोवाडा रचला. त्याआधी १६५९ च्या अफजलखान प्रकरणावर अगीनदासाचा. त्या प्रकरणात महाराजांच्या बाजूने ठाम उभे राहिलेले कान्होजी जेधे भोरजवळच्या कारीचे. पुढे १८९१ मध्ये अ‍ॅकवर्थ साहेब आणि शाळिग्राम यांनी असे पोवाडे गोळा करून छापले. शब्द वाचले. पण डफ कसा वाजत होता, ते छापणार कसं?

हा प्रश्न मला पडायचं कारण अगदी किरकोळ. भोरच्या एका मित्राची पुतणी पोवाडा म्हणते, साथीला माणसं मिळत नाहीत, तेव्हा "तू कॉम्प्युटरवाला, मागचं म्युझिक करून दे."

बॅन्ड-इन-अ-बॉक्स उघडलं. पीटर गॅनन या कॅनडातल्या गृहस्थाने १९९० मध्ये काढलेलं हे सॉफ्टवेअर. चौकोनांत कॉर्ड टाइप करा, स्टाइल निवडा, की ड्रम, बेस, पियानो सगळे हजर. जॅझ, बोसा नोव्हा, कंट्री... मागाल ते! आणि मी पहिल्याच चौकोनात अडकलो. तुणतुण्याला तार एकच, गाणाऱ्याच्या सुराला लावलेली. आपलंच तुणतुणं वाजवणं म्हणतात ते उगीच नाही. म्हणजे कॉर्ड बदलायचीच नाही! सगळीकडे 'सी' भरला, तर त्यात आयता शुद्ध गंधार येतो, आणि चालीत कोमल गंधार आला की दोघांची जुंपते. शेवटी गंधार काढून फक्त सा आणि प ठेवले.

मित्र म्हणाला, निदान पेटी तरी घाल, 'ओरिजिनल' वाटेल. आता काय सांगणार! हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये दबँ याने घेतलं १८४२ ला. तुळशीदासाला पेटी मिळणार कुठून? आपल्याकडे ती रुळली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदीच घातली होती. गंमत म्हणजे १९९१ साली जनरल मिडीची १२८ वाद्यांची यादी ठरली, तिच्यात सतार आहे, शहनाईसुद्धा आहे, पेटी नाही. रीड ऑर्गनवर भागवा.

पेटीचं एक वेळ जमेल. खरी अडचण स्टाइलची. स्टाइल म्हणजे मोजून बसवलेल्या मात्रा. शाहीर मध्येच थांबून गद्यात गोष्ट सांगतो, "जी जी रं जी" म्हणत झीलकरी त्याला उचलून धरतात, लढाई आली की डफ लय चढवतो, आणि किती चढवायची ते समोरच्या गर्दीकडे बघून ठरतं. सॉफ्टवेअरला गर्दी दिसत नाही. बत्तीस बार झाले की ते आपलं पुढे जाणार, मग तानाजी कड्याच्या मध्यावर का असेना.

माझं मत विचाराल तर ड्रमसेटवाली तयार स्टाइल पोवाड्याला अजिबात नको. त्यापेक्षा नुसतं तुणतुणं बरं. मी तेच केलं. सुराचा एक न संपणारा ट्रॅक दिला आणि डफाचे पाच तुकडे वेगवेगळ्या लयीत. कुठला तुकडा कधी सोडायचा हे ठरवायला लॅपटॉपपाशी माणूस लागणारच. गावातले एक म्हातारे झीलकरी तयार झालेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोरगी दम घ्यायला थांबली तर हे थांबतं का?" स्पेसबार दाखवला.